केतकीच्या मागे कोण उभं राहणार

“दीनाताईंना विचारलं मी,” कांदा चिरता चिरता सुहास वडागळे म्हणाले. “रविवारी तुझ्या मागे त्या उभ्या राहतील. लगेच हो म्हणाल्या. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.”

केतकी कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले. पप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांना कांदा अजून नीट चिरता येत नसे. एक फोड जाड, एक बारीक, आणि जाड फोडी भाजीत कच्च्याच राहत. बायको गेल्यापासून ते स्वयंपाक शिकत होते. दिवसभर बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, बस आणि मेट्रो बदलत मल्लेश्वरमला यायचं, आणि मग हातपाय धुऊन ओट्यापाशी उभं राहायचं.

“दुसरं कुणी नाही का?” केतकीने विचारलं.

“दुसरं कोण असणार? आईच्या आजारपणात सख्ख्या बहिणीसारखं केलं त्यांनी. डबे आणले, तिचे केस धुतले, हॉस्पिटलात बसून राहिल्या. अजून काय पाहिजे?”

ते खरं होतं. त्यातलं एकही वाक्य केतकीला खोडता येत नव्हतं, आणि तीच तर अडचण होती.

केतकी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. येत्या रविवारी तिचं दृढीकरण होतं. लहानपणी आईबाप मुलाला मंडळीत आणून त्याचा बाप्तिस्मा करतात, त्याच्या वतीने देवाला वचनं देतात. मूल जाणतं झालं की त्याने स्वतः सगळ्यांदेखत उभं राहून तीच वचनं आपल्या तोंडाने द्यायची. मग बिशपसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि त्याला पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मिळतो. इंदिरानगरच्या एका चर्चमध्ये रविवारी दुपारी जी लहानशी मराठी मंडळी जमायची, तिची याच्यात आणखी एक पद्धत होती. मुलगी बिशपसाहेबांपुढे गुडघे टेकते तेव्हा तिची आई मागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवते. मुलगा असला तर बाप. नगर, सोलापूर, मिरजेकडून आलेल्या कुटुंबांनी ही पद्धत कुठून आणली कुणास ठाऊक, पण ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. मुलीला आई नसेल तर मंडळीतली एखादी जुनी बाई उभी राहते.

“पोळ्या करतेस ना?” पप्पा म्हणाले. “का मी लाटू? तुझ्या भूगोलाला नकाशे मिळतील.”

केतकी हसली नाही. तिने पुन्हा कणकेत हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जिना उतरत होते. खाली घरमालकीण वसुमती अक्का दारात रांगोळी काढत होत्या. अक्कांचं घराणं बंगळूरात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. घरात त्या मराठीच बोलत, पण बोलता बोलता कन्नडात कधी शिरत ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. आज त्यांच्याकडे म्हैसूरहून नणंद आली होती.

“हे वरचे वडागळे,” अक्कांनी ओळख करून दिली. “ह्यांचीच ती बायको, सुवार्ता. मी सांगितलं नव्हतं का तुला? बालवाडीत शिकवायची. फार गोड बाई.”

नणंदेने हळहळून विचारलं, “फार हाल झाले का हो त्यांचे?”

“नाही, नाही,” पप्पा लगेच म्हणाले. “पोटाचा कॅन्सर होता, पण शेवटी त्रास नाही झाला तिला. शांत झोपायची. तेवढी देवाची कृपा.”

केतकी पायऱ्यांकडे बघत राहिली. हे वाक्य तिने आठ महिन्यांत किती वेळा ऐकलं होतं त्याला गणती नव्हती. नगरहून फोन करणाऱ्या आत्याला, दूधवाल्याला, कामावरच्या वॉचमनला, सगळ्यांना पप्पा हेच सांगायचे. ते म्हटलं की त्यांचा चेहरा जरा सैल पडायचा. बाकी सगळं गेलं होतं. हे एवढं त्यांच्याकडे उरलं होतं. आणि ते खोटं होतं. हे फक्त केतकीला माहीत होतं.

झालं होतं ते असं. आजार कळल्यावर मंडळीतल्या बायका दर गुरुवारी दुपारी घरी प्रार्थनेला यायच्या. पुढे दीनाकाकू. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. त्या प्रार्थना करू लागल्या की रस्त्यावरची रिक्षासुद्धा ऐकू येत नसे. आईच्या डोक्यावर हात ठेवून त्या देवाला बजावायच्या, की ही तुझी लेक आहे, हिला बरं केल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही. आईला ते आवडायचं. बायका गेल्यावर ती थोडं जेवायची.

मग डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. त्यांनी दुखण्यावरच्या कडक गोळ्या दिल्या, दिवसातून काही वेळा घ्यायच्या. त्या गुरुवारी केतकी आत चहा करत होती. बाकीच्या बायका चपला घालत होत्या आणि दीनाकाकू आईजवळ वाकून हळू आवाजात बोलत होत्या. त्यांचा हळू आवाजही स्वयंपाकघरात यायचा.

“देव कुठे कमी पडत नाही गं, सुवार्ता. आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडतो. तेवढं बघ मनात शोधून.”

आईने शोधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी गोळी घेऊन गेली तेव्हा आईने ती तळहातावर घेतली, थोडा वेळ पाहिली आणि परत दिली.

“ठेव डब्यात.”

“अगं, दुखेल.”

“दुखू दे. मी ही घेतली म्हणजे मीच म्हटल्यासारखं झालं ना, की तो मला बरं करणार नाही. पप्पांना सांगू नकोस. त्यांना कामावर चैन पडणार नाही. वचन दे.”

केतकीने वचन दिलं. रात्रीची गोळी पप्पा स्वतः द्यायचे, पाण्याचा पेला धरून समोर बसायचे, म्हणून ती आई घ्यायची. रात्रीची गोळी ती पप्पांसाठी घ्यायची आणि दिवसाच्या देवासाठी टाळायची. त्यामुळे पप्पांनी तिला शांत झोपलेलीच पाहिली. दुपारी काय व्हायचं ते केतकीने पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून हिरव्या टॉवेलचा बोळा दातांत धरायची. खाली अक्कांना ऐकू जाऊ नये म्हणून. केतकी तिचे पाय दाबत बसायची. मधूनच आई टॉवेल काढून विचारायची, “तुला काय वाटतं, माझ्या मनात कुठं कमी असेल?” केतकी म्हणायची, “कुठंच नाही.” मग आई पुन्हा टॉवेल धरायची.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात नळीतून औषध सुरू झालं आणि मग आईला काही कळेनासंच झालं. पप्पांना ती पुन्हा शांतच दिसली.

आता त्या दीनाकाकूंचा हात केतकीच्या खांद्यावर येणार होता.

शनिवारी सकाळी दृढीकरणाचा शेवटचा वर्ग होता. चर्चच्या मागच्या खोलीत पाच मुलं आणि पाळकसाहेब. रेव्हरंड रविकिरण मूळचे सोलापूरचे, चाळिशीतले, हसतमुख, पण प्रश्न विचारायला लागले की सोडत नसत. वचनं पाठ झाली का, उभं कसं राहायचं, गुडघे कुठे टेकायचे, सगळं करून घेतलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

“आता एक शेवटचं काम. उद्या तुम्ही पहिल्यांदा प्रभूच्या मेजाशी येणार. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, ज्याच्याबद्दल मनात अढी आहे, त्याला आज जाऊन भेटा. बोलून या. मग उद्या या.”

ईशान केतकीशेजारी बसला होता. तो म्हणाला, “साहेब, माझं भांडण फक्त फिजिक्सच्या मिसशी आहे. त्यांच्या घरी गेलो तर त्या युनिट टेस्ट घेतील.”

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. “मग टेस्ट देऊन ये. त्यातही तुझा नम्रपणा वाढेल.”

वर्ग सुटल्यावर केतकी मागे थांबली. पाळकसाहेब खुर्च्या लावत होते. तिनेही एक खुर्ची उचलली.

“साहेब, समोरच्या माणसाला माहीतच नसेल की भांडण आहे, तर?”

“तर तुझं काम जरा जास्त अवघड.”

“आणि बोलून समेट झालाच नाही तर?”

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. “मी समेट करून या म्हटलं नाही, केतकी. बोलून या म्हटलं. समेट तुझ्या एकटीच्या हातात नसतो. बोलणं असतं.” मग जरा थांबून म्हणाले, “मला काही सांगायचंय का तुला?”

“नाही,” केतकी म्हणाली. “अजून नाही.”

दीनाकाकू चर्चच्या मागच्याच गल्लीत एकट्या राहायच्या. केतकी दारात उभी राहिली तेव्हा त्या पांढऱ्या जाळीच्या ओढणीला काठ शिवत होत्या.

“सलाम, काकू,” केतकी मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे म्हणाली.

“सलाम, सलाम. ये. बघ, तुझीच शिवतेय. माझ्या दृढीकरणाची आहे ही. काठ फाटला होता, नवा लावला. डोकं पुढे कर, माप बघू.”

केतकी पुढे झाली नाही. ती चपला काढून तिथेच उभी राहिली.

“काकू, मला बोलायचंय. पाळकसाहेबांनी सांगितलंय, ज्याच्याबद्दल मनात आहे त्याच्याशी बोलून या.”

“चांगलं सांगितलं.” काकूंनी दाताने दोरा तोडला. “मग कुणाकडे चाललीस?”

“तुमच्याकडे आले.”

काकूंनी मान वर केली. केतकी ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरली. मग जसं आठवलं तसं तिने सांगितलं. गुरुवार, चहा, ती दोन-तीन वाक्यं. परत डब्यात गेलेल्या गोळ्या. हिरवा टॉवेल. मनात कुठं कमी असेल, हे आईचं विचारणं. सांगताना ती रडली नाही. तिचा आवाज मात्र बारीक होत गेला.

“मी असं म्हटलं?” काकू म्हणाल्या.

“हो.”

“मला आठवत नाही गं.” त्यांनी खरंच आठवून पाहिलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “म्हटलंही असेल. मी सगळ्यांकडे म्हणते. माणसाला जोर येतो त्याने. प्रार्थना करायला हुरूप येतो. गोळ्या सोड असं मी कधी म्हटलं? तूच सांग, कधी म्हटलं?”

“नाही म्हटलं.”

“मग?”

काकूंनी सुई गादीच्या कडेला टोचून ठेवली, काढली, पुन्हा टोचली.

“दिवसाच्या एकही घेत नव्हती?”

“एकही नाही.”

“मी तिचे केस धुतले ना. त्या दिवशीसुद्धा?”

“त्या दिवशीसुद्धा. तुम्ही डोकं चोळताना ती म्हणाली होती, बरं वाटतंय. तुम्ही गेल्यावर तिला उलटी झाली.”

बाहेर पालेभाजीवाला कन्नडात सोप्पू सोप्पू, भाजी भाजी, ओरडत गेला. केतकीला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील आणि मग आपल्या मनातली गाठ सुटेल. पाळकसाहेब म्हणाले ते हेच असेल.

काकूंनी विचारलं, “सुहासला माहीत आहे?”

“नाही.”

“सांगू नकोस त्याला.” त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. “केतकी, ऐक माझं. तो माणूस त्या एकाच गोष्टीवर उभा आहे. ती शांत गेली म्हणून. ते काढून घेऊ नकोस. काय मिळणार आहे तुला? आपण दोघी देवापुढे ठेवू हे. तू आणि मी. वचन दे मला.”

केतकीने चपलेत पाय घातला. तिला आईचा तळहात आठवला, त्यावरची पांढरी गोळी, आणि तोच शब्द. वचन दे.

“नाही, काकू,” ती म्हणाली. “मी एकदा दिलं होतं.”

मेट्रोत ती उभीच राहिली, बसायला जागा असूनही. काकूंचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं, हे तिला कळत होतं. पप्पांना सांगितलं तर त्यांच्याकडे उरलेलं एवढंसं जाणार. वर हेही कळणार की केतकी रोज दुपारी तिथे बसली होती आणि ती मूग गिळून गप्प राहिली होती. एक फोन केला असता तर ते धावत आले असते. डॉक्टरांनी आईला समजावलं असतं. नाही सांगितलं तर उद्या सगळ्यांदेखत उभं राहून मी खरेपणाने चालेन म्हणायचं, आणि मागे तो हात. आणि पुढे घरात आयुष्यभर ते वाक्य ऐकायचं. शेवटी त्रास नाही झाला तिला.

ती घरी आली तेव्हा पप्पा साडीला इस्त्री करत होते. आईची लग्नातली पांढरी साडी. उद्या केतकी तीच नेसणार होती. टेबलावर घोंगडी पसरून, त्यावर चादर घालून ते एकेक सुरकुती हाताने सपाट करत होते.

“अक्कांना विचारून आलो, इस्त्री किती गरम ठेवायची,” ते म्हणाले. “त्या म्हणाल्या, स्वल्पच ठेवा, नाहीतर रेशीम गेलंच समजा. झालं का तुझं बोलून?”

“पप्पा, इस्त्री बंद करा.”

“का? जास्त गरम आहे?”

“बंद करा आणि बसा.”

त्यांनी बटण बंद केलं. बसले मात्र नाहीत. केतकीने उभ्याउभ्याच सांगितलं. काकूंना सांगताना ठेचकाळली होती, इथे नाही. दीनाकाकूंचं बोलणं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, दुपारचं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, “मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

पप्पा साडीकडे बघत होते. एका सुरकुतीवरून पुन्हा हात फिरवत होते, ती कधीच सपाट झाली होती.

“दुपारी?” ते म्हणाले.

“हो.”

“मी दुपारी फोन करायचो. ती म्हणायची, जेवले, आता पडलेय.”

“हो.”

“टॉवेल कुठला?”

केतकीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“टॉवेल कुठला म्हणतोय मी. हिरवा?”

“हिरवा.”

तो टॉवेल मोरीबाहेरच्या दोरीवर वाळत होता. पप्पा रोज कामावरून येऊन त्याला तोंड पुसायचे. ते गेले, तो दोरीवरून काढला, घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग आईच्या कपाटात तिच्या साड्यांवर ठेवला आणि कपाटाचं दार लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले.

“एक गोळी,” ते म्हणाले. “एक साधी गोळी. घरात होती. डब्यात होती.”

केतकी त्यांच्याजवळ गेली. त्यांनी हात वर केला, थांब अशा अर्थाने. ती थांबली. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी तो तोंडावर घेतला. बाप रडतो कसा हे केतकीने अंत्यविधीला पाहिलं होतं. तेव्हा माणसं होती, गीतं चालली होती. हे वेगळं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, कारण जाण्यासारखी दुसरी जागा घरात नव्हती, आणि तिने कुकर लावला.

जेवताना ते एवढंच म्हणाले, “तू एकटी होतीस रोज तिच्याजवळ. सोळा वर्षांची पोर.” आणि थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, “मला तुझ्यावर रागावता येत नाहीये. पण जरा वेळ माझ्याशी बोलू नकोस.”

साडीची अर्धी इस्त्री राहिली होती, ती केतकीने पुरी केली.

रविवारी दुपारी चर्च भरलं होतं. बिशपसाहेब आले होते, म्हणून एरवी न दिसणारी माणसंही आली होती. पाचही मुलं पहिल्या बाकावर बसली. तिघी मुली पांढऱ्या साड्यांत. ईशानने बापाचा कोट घातला होता आणि त्याच्या बाह्या दोनदा आत दुमडल्या होत्या.

“गेला होतास का फिजिक्सकडे?” केतकीने विचारलं.

“गेलो होतो. चहा दिला त्यांनी. मला वाटलं नव्हतं त्यांच्या घरी चहा होत असेल.” मग तिच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, “तुझं?”

“बोलून आले.”

विधीची वेळ झाली तेव्हा आयाबाप उठून मुलांच्या मागे येऊ लागले. दीनाकाकू डाव्या बाजूच्या बाकांतून आल्या. ओढणी त्यांच्या हातावर घडी घातलेली होती. उजव्या बाजूने पप्पा आले. दोघं केतकीच्या मागे एकाच वेळी पोचले.

“दीनाताई,” पप्पा म्हणाले, “मी उभा राहतो.”

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. विचारायचं काही उरलं नव्हतं. “मुलीमागे बाई लागते, सुहास,” त्या सवयीने म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचं त्यांनाच ते पटलेलं दिसलं नाही.

“माहीत आहे.”

पुढे पहिली मुलगी गुडघे टेकत होती. पाळकसाहेबांनी वळून पाहिलं, तिघांना पाहिलं, आणि पुन्हा पुस्तकाकडे बघितलं. काकूंनी ओढणी पप्पांच्या हातात दिली. पप्पांनी ती केतकीच्या डोक्यावर घातली. पिन लावायला गेले तर ती वाकडी बसली, निघाली, खाली पडली. लिफ्टमधले बारीक स्क्रू अंधारात बसवणाऱ्या त्या बोटांना ही पिन जमेना. ओढणी घसरून खांद्यावर आली. दुसरी मुलगी उठली. आता केतकीचा नंबर होता.

केतकी मागे वळली. “काकू, पिन तेवढी लावून द्या.”

काकूंनी वाकून पिन उचलली. एका दमात, सफाईने, ओढणी केसांना पक्की केली. त्यांच्या बोटांना साबणाचा वास होता, आई असताना यायचा तोच. पिन लागली तशी त्यांनी हात लगेच मागे घेतला. डोक्यावर ठेवला नाही. मग त्या आपल्या बाकाकडे परत गेल्या.

केतकीने गुडघे टेकले. विचारलेल्या प्रश्नांना तिने उत्तरं दिली. सगळ्या उत्तरांवर तिचा सारखाच भरवसा होता असं नाही. मेलेले पुन्हा जिवंत होऊन उठतील, या शब्दांशी ती अडली, आणि बिशपसाहेब थांबले, वृद्ध माणूस थांबतो तसे, घाई न करता. मग ती म्हणाली. खांद्यावर पप्पांचा हात होता. जड. साबणाने घासूनही त्याला ग्रीसचा वास येत होता. प्रार्थना संपेपर्यंत तो हलला नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी बाकामागून बाक उठत गेले. केतकीने भाकर घेतली, द्राक्षारस घेतला. चव तिला वाटली होती त्यापेक्षा आंबट होती. परत येताना तिने मान वर केली. सगळं चर्च रांगेत उभं होतं. बाकांवर फक्त दोन माणसं बसून होती. डावीकडे दीनाकाकू, ज्यांनी तिच्या आठवणीत एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, हात मांडीवर, नजर जमिनीवर. आणि उजवीकडे पप्पा.

मेट्रोत गर्दी नव्हती. दोघं शेजारी बसले. साडीचा पदर केतकीने मांडीवर गोळा करून धरला होता. जाळीची ओढणी पिशवीत होती. ती परत द्यायची राहिली होती.

“दीनाताई उठल्या नाहीत आज,” पप्पा म्हणाले.

“पाहिलं मी.”

“मला वाटलं होतं, त्यांना तसं बसलेलं पाहून मला बरं वाटेल.”

“वाटलं?”

“नाही.”

मॅजेस्टिकला गाडी बदलली. जिना चढताना केतकी म्हणाली, “तुम्ही पण उठला नाहीत.”

“माझं कुठे बोलून झालंय अजून त्यांच्याशी. पाळकसाहेबांचा नियम काय पोरांनाच आहे?” ते दोन पायऱ्या चढले. “बोलेन. आज नाही. आज बोललो तर काहीतरी भलतं बोलेन. ती ओढणी तू नको देऊ. मी नेऊन देईन.”

घराच्या दारात वसुमती अक्का वाटच बघत होत्या. त्यांनी केतकीला दिव्याखाली उभं केलं, साडीचा काठ बोटांत धरून पाहिला.

“सरी, ठीक झालं. रेशीम वाचलं म्हणायचं. काय दिसतेस गं. सुवार्ता पाहिजे होती बघायला.” मग डोळे पुसत त्या पप्पांकडे वळल्या. “पण एक बरं झालं हो. त्रास न होता गेली ती. तुम्हीच सांगता ना नेहमी.”

केतकीने पप्पांकडे पाहिलं नाही. ती दारातल्या पुसट झालेल्या रांगोळीकडे बघत राहिली. पप्पांनी घसा खाकरला. दोनदा.

“नाही, अक्का,” ते म्हणाले. “झाला. खूप त्रास झाला तिला. मला माहीत नव्हतं.”

कॉलनीतल्या कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग अक्कांनी दार पूर्ण उघडलं.

“आत या दोघं. स्वल्प कॉफी घ्या.”

ते आत गेले आणि अक्कांच्या लाकडी बाकावर बसले. कॉफी आली, निवली. पप्पा पेल्याकडे बघत म्हणाले, “दुपारी ती काय बोलायची? मला सगळं सांग. आता सांग.”

केतकीने सांगायला सुरुवात केली. आई कुठल्या कुशीवर झोपायची, पाय कुठे दाबायला सांगायची, एकदा टॉवेल काढून पप्पांनी तेव्हा करून पाहिलेल्या पोह्यांची कशी थट्टा केली होती. ते ऐकून पप्पांना हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “पुढे.”